ॲपच्या आधी वही

ताई, मी २८ वर्षांची. हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षं टेस्टिंग केलं. बाबांच्या आजारपणामुळे दीड वर्षापूर्वी बार्शीला परत आले. माझा भाऊ वैरागला असतो, भाचा दहावीत, सेमी इंग्लिशला. त्याच्यासाठी गणिताचा चांगला शिक्षक शोधता शोधता नाकी नऊ आले. शेवटी पुण्यातली माझी एमएस्सी झालेली मैत्रीण त्याला व्हिडिओ कॉलवर शिकवायला लागली आणि पोराची गाडी रुळावर आली. तेव्हापासून डोक्यात आहे, की खेड्यातली अशी मुलं आणि घरी बसलेले असे शिक्षक यांना जोडणारं ॲप काढावं. सोलापूरच्या एका डेव्हलपरने साडेचार लाख सांगितलेत. माझी शिल्लक सहा लाख आहे. इकडचे झेडपीचे दोन-तीन गुरुजीही शिकवायला तयार आहेत. माझे प्रश्न तीन. हे पैसे ॲपमध्ये घालू का? आधी शिक्षक गोळा करू की विद्यार्थी? आणि एकदा ओळख झाली की शिक्षक आणि पालक मला वगळून परस्पर ठरवतील, ते कसं थांबवू?
— एक वाचक, बार्शी

तुझा तिसरा प्रश्न मी आधी घेते. त्याचं उत्तर सापडलं की उरलेले दोन फारसे अडत नाहीत.

१९९६ ते २०१० मी पुण्यात घरगुती शिकवण्यांचा ब्युरो चालवला. नारायण पेठेत एक खोली, एक फोन आणि लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही. डाव्या पानावर पालक: पत्ता, इयत्ता, विषय, वेळ. उजव्या पानावर शिक्षक: काय शिकवतात, सायकलवरून कुठपर्यंत जाऊ शकतात. तेव्हाची रीत अशी, की जुळलं की पहिल्या महिन्याच्या फीमधला अर्धा हिस्सा ब्युरोचा. पहिली दोन वर्षं मला एकच गोष्ट छळायची. मी शिक्षक पाठवायचे आणि पंधरा दिवसांनी फोन केला की पालक म्हणायचे, "नाही हो, जमलं नाही." एका संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर अशाच एक बाई मुलीबरोबर भेटल्या. मी सहज विचारलं, गणिताचं काय केलंत? मुलगी पटकन म्हणाली, "सर येतात की. तुम्हीच पाठवलेले." आईने मान खाली घातली.

मला राग आला होता. दीडशे रुपये तेव्हा थोडे नव्हते. घरी येऊन वही काढली, त्या घराची नोंद पाहिली. सर पाठवल्यानंतर त्या घरी मी एकच फोन केला होता, आणि तोही पैशासाठी. सर वेळेवर येतात का, मुलीला कळतंय का, हे मी विचारलंच नव्हतं. त्या बाईंना माझ्याकडून मिळालं होतं एक नाव आणि एक पत्ता. तेवढ्याचे पैसे द्यायला कोणाचं मन होईल?

त्यानंतर मी वहीत एक रकाना वाढवला: चौथा आठवडा. शिकवणी सुरू होऊन चौथा आठवडा लागला की त्या घरी फोन करायचा, आधी आईशी बोलायचं, मग मुलाला फोनवर बोलवायचं आणि या आठवड्यात काय शिकलास ते त्याच्याच तोंडून ऐकायचं. कुठे कुठे कळायचं की सर उत्तम आहेत पण फार भराभर जातात. कुठे सर सातऐवजी साडेसातला येतात आणि आईला ते बोलायचा संकोच वाटतो. मी मध्ये पडायचे. गरज पडली तर शिक्षक बदलून द्यायचे, त्याचे वेगळे पैसे न घेता. पैसे बुडायचे पूर्ण थांबले नाहीत, पण तीच घरं धाकट्या भावंडासाठी परत यायला लागली, शेजाऱ्यांना घेऊन यायला लागली.

तेव्हा थांबवायचं कसं, या प्रश्नाला माझं उत्तर असं, की थांबवू नकोस. फोन नंबर लपवणं, करारात दंडाचं कलम घालणं, चॅटमध्ये आकडे टाइप होऊ न देणं, हे सगळं लोकांनी करून पाहिलंय. आठवड्यातून तीनदा एकमेकांशी बोलणाऱ्या दोन माणसांना एक नंबर देण्यापासून कोणी अडवू शकत नाही. ओळखीचे पैसे एकदाच मिळतात. दर महिन्याला पैसे मिळायचे तर दर महिन्याला काहीतरी करावं लागतं. शिक्षिका आजारी पडली तर त्याच संध्याकाळी दुसरी उभी करणं, महिन्याच्या शेवटी अर्ध्या तासाची चाचणी घेऊन पालकांना मराठीत दोन ओळी कळवणं, तक्रार ऐकायला माणूस असणं, शिक्षकाचे पैसे एक तारखेला न मागता देणं. हे करणारी तू असशील, तर तुला वगळून त्यांचं नुकसान आहे आणि ते त्यांना दिसतं.

मोठ्या कंपन्यांनाही हे कोडं चुकलेलं नाही. भाषा शिकवणाऱ्या प्रेप्लीची रीत अशी, की नव्या विद्यार्थ्याबरोबरच्या पहिल्या चाचणी तासाची सगळी फी कंपनी ठेवते आणि पुढे ३३ टक्क्यांपासून सुरू होणारं कमिशन तास वाढतील तसं १८ टक्क्यांपर्यंत उतरतं. आयटॉकी या तशाच दुसऱ्या कंपनीने बरीच वर्षं १५ टक्के घेतले. उतरतं कमिशन ही गोष्ट तू उचल. जी जोडी सहा महिने टिकली तिच्यावरचा आपला हिस्सा कमी कर आणि तसं शिक्षकाला पहिल्याच दिवशी सांग. पहिल्या तासाची फी शिक्षकाला न देण्याची पद्धत मात्र घेऊ नकोस. मुलाला पहिला तास फुकट द्यायचा तर जरूर दे, पण शिक्षिकेचे पैसे तुझ्या खिशातून जाऊ देत. घरी बसलेली एमएस्सी झालेली बाई म्हणजे फुकटचा वेळ, असं आपल्याकडे घराघरांत धरलं जातं. निदान तुझ्याकडे तरी तसं नको.

आता ॲप. साडेचार लाख घालू नकोस. आत्ता एक रुपयाही घालू नकोस.

तू टेस्टिंग केलंयस, म्हणून तुझ्या भाषेत सांगते. डेव्हलपरला तू आज काय बांधायला सांगशील ते तुलाच माहीत नाही. कारण वर्ग कुठे कुठे मोडतो, ते तू अजून पाहिलेलं नाहीस. वैरागचं घर डोळ्यासमोर आण. घरात नेटवाला फोन एक, तो वडिलांच्या खिशात, वडील शेतावर, परत येणार साडेसातला. म्हणजे शिक्षक पुण्यात चारला मोकळा असून उपयोग नाही, सगळी मुलं साडेसात ते साडेनऊ याच दोन तासांत हवी असणार, आणि शिक्षकांची खरी टंचाई त्या दोन तासांतली आहे. लाइट गेली. पाऊस आला आणि टॉवर गेला. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी आली आणि पोरगं आठ दिवस शेतात. मामाचं लग्न. शिक्षिकेच्या घरी पाहुणे. वर्ग सुरू झाला आणि विसाव्या मिनिटाला तुटला. यातल्या प्रत्येक वेळी तो तास कोणाच्या खात्यात धरायचा, पैसे कोणी सोसायचे, बदली तास कधी? अशा वीस-पंचवीस टेस्ट केस लिहून काढ आणि प्रत्येकीसमोर तुझा निर्णय लिही. हे निर्णय म्हणजेच तुझा प्लॅटफॉर्म. ॲप हे त्यांच्यावरचं रंगकाम.

आणि एक गोष्ट फोनवरून कधीच कळणार नाही, ती त्या घरी बसूनच कळेल. मुलं फोन तांब्याला टेकवून ठेवतात. शिक्षिकेला मुलाचा चेहरा दिसतो, वही दिसत नाही. इतिहासाला चालेल. गणिताला वही दिसलीच पाहिजे, कारण मूल "कळलं" म्हणतं तेव्हा चुकीची पायरी वहीत आधीच लिहून झालेली असते. माझ्या ओळखीच्या एक बाई नातीला असंच ऑनलाइन बसवायच्या. त्यांनी धान्याचे दोन डबे अंतर सोडून उभे केले, त्यांच्यावर लाकडी फूटपट्टी आडवी टाकली, फूटपट्टीवर फोन पालथा, कॅमेरा पुढे काढून खाली वहीकडे. त्या दिवसापासून शिक्षिका अधल्यामधल्या पायरीवर टोकायला लागली. तुझ्या पहिल्या प्रत्येक मुलाच्या घरी तू स्वतः जा आणि हे डबे मांडून दे. बार्शीहून वैराग, पांगरी, तुला एसटीने होईल.

पहिल्या तीन महिन्यांसाठी तुला लागेल एक वही किंवा गुगल शीट, यूपीआय आणि तुझा फोन. वर्गाला गुगल मीट पुरे. तिथे दोघांचा कॉल फुकटात लांबवर चालतो, तीन किंवा जास्त जण असले तर ६० मिनिटांची मर्यादा येते, आणि दहावीच्या मुलाला साठ मिनिटं भरपूर झाली. झूमचा फुकट वर्ग ४० मिनिटांत तुटतो, नेमका उदाहरण अर्ध्यात असताना. पुढे तीनदा वेळापत्रकाचा घोळ होऊन एखादं मूल फोनसमोर ताटकळलं, की वेळापत्रकाचं साधन करून घे. आठवणीचे मेसेज पाठवण्यात तुझी संध्याकाळ जायला लागली, की ते आपोआप जातील असं कर. जे दुखतंय तेवढंच बांध. वडिलांच्या भरलेल्या फोनमध्ये आणखी एक ॲप बसवायला लावण्याची पाळी खूप उशिरा येईल, कदाचित येणारही नाही.

पैशांचा हिशेब एकदा कागदावर मांडू. आकडे धरून चालण्यापुरते आहेत, तुझ्या भागातले तू घाल. समजा एका मुलाला एक शिक्षक, तासाला २०० रुपये, महिन्याला १२ तास. पालकांचे गेले २,४००. शिक्षिकेला तासाला १६०, तुला ४०. म्हणजे एका मुलामागे तुला महिन्याला ४८० रुपये, आणि त्यासाठी तू वीस फोन केलेले. आता एकाच इयत्तेची, साधारण एकाच पातळीची तीन मुलं एकत्र बसव. प्रत्येकी तासाला १२० धर. पालकाचे महिन्याला १,४४० गेले, शिक्षिकेला तासाला २८० मिळाले आणि तुझ्याकडे ८० राहिले, म्हणजे एका गटामागे ९६०. असे पंधरा गट झाले तर ४५ मुलं आणि तुझ्या हाती १४,४००. ही रक्कम मोठी नाही, हे मला माहीत आहे. पण साडेसात ते साडेनऊच्या टंचाईतही एक शिक्षिका दोन तासांत सहा मुलं घेते, आणि गटातलं एक मूल काढणीला गेलं तरी वर्ग बुडत नाही. वेदांतूसारख्या कंपनीनेही सुरुवात एकास एक शिकवणीने केली आणि पुढे गटांच्या थेट वर्गांकडे वळली. तू मात्र तीन-चारच्या वर जाऊ नकोस. त्याच्या वर गेलं की वही दिसायची थांबते.

फी महिन्याची महिन्याला घे. वर्षाची एकदम मागू नकोस. २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलरची म्हणून गाजलेली ऑनलाइन शिकवणीची कंपनी बायजूज २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, ते तालुक्याच्या पालकांनीही वाचलंय, आणि आगाऊ फी म्हटलं की ते आता सावध होतात. त्यांचं बरोबर आहे.

आधी शिक्षक की विद्यार्थी? तुझ्या भागात विद्यार्थी आधी. पण सगळे नकोत. एक इयत्ता, एक विषय, एक माध्यम: दहावी, गणित, सेमी इंग्लिश, महाराष्ट्र बोर्ड. पहिली ते बारावी सर्व विषय, असा फलक लावलास तर सातवीच्या संस्कृतला फोन येईल आणि तुझ्याकडे कोणी नसेल. शिक्षक मिळतील. डी.एड., बी.एड. करून, टीईटी पास होऊन पवित्र पोर्टलवरच्या भरतीकडे डोळे लावून बसलेली किती मुलं-मुली तुझ्या आसपास आहेत बघ. झेडपीच्या गुरुजींना मात्र हात जोडून नाही म्हण. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नसते. त्यांची नोकरी आणि तुझं नाव, दोन्ही कशाला पणाला लावायचं? सेवानिवृत्त झालेल्या गुरुजींना मात्र आवर्जून बोलाव.

शिक्षक निवडताना पदवी बघ, पण तेवढ्यावर घेऊ नकोस. मी काय करायचे ते सांगते. कोऱ्या कागदावर मुलाच्या अक्षरात लिहिल्यासारखं लिहायचे: अ अधिक ब, कंसाचा वर्ग, बरोबर अ वर्ग अधिक ब वर्ग. कागद समोर ठेवायचा आणि म्हणायचं, मुलाने हे लिहिलंय, आता तुम्ही काय कराल? काही जण लगेच लाल पेनने दोन अ ब घालायचे आणि सूत्र पाठ कर म्हणायचे. एक मुलगी होती, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. तिने कागदाकडे क्षणभर पाहिलं आणि मीच मूल असल्यासारखं मला म्हणाली, "अच्छा. अ म्हणजे दोन आणि ब म्हणजे तीन धरून बघूया का?" पाचाचा वर्ग पंचवीस. चार अधिक नऊ तेरा. मग गप्प बसली. मुलाला स्वतःहून "अरे" म्हणायला वेळ दिला तिने. तिला मी त्याच आठवड्यात तीन घरं दिली. तुझ्या शिक्षकांची अशी पंधरा मिनिटं घे, आणि बोर्डाचा पेपरही त्यांच्यासमोर ठेव. सीबीएसईत मुरलेला उत्तम शिक्षकसुद्धा "कृती पूर्ण करा" या प्रश्नातल्या रिकाम्या चौकटी पहिल्यांदा बघून थबकतो, आणि ते गुण आपल्या मुलांचे हक्काचे असतात. शिवाय बोलणं मराठीत आणि संज्ञा इंग्रजीत, अशी दुहेरी जीभ सेमीच्या मुलाला लागते. क्वाड्रॅटिक इक्वेशन म्हणजेच वर्गसमीकरण, हे सहज म्हणून जाणारी माणसं शोध.

ताऱ्यांचं रेटिंग ठेवू नकोस. जिथे सगळे एकमेकांना ओळखतात तिथे कोणी पाचाखाली देत नाही. चौथ्या आठवड्याचा फोन कर.

आता जे मी तुला सर्वांत कळकळीने सांगणार आहे, ते मुलांच्या सुरक्षिततेबद्दल. मी ब्युरो चालवत असताना शिक्षकाला घरी पाठवण्याआधी दोन माणसांकडे चौकशी करायचे. एकदा घाई होती म्हणून केली नाही. वाईट काही घडलं नाही, पण ते सर सांगत होते तिथे कधी शिकवतच नव्हते, हे महिन्याने कळलं. तो महिनाभर आपण कोणाच्या मुलीसमोर कोणाला बसवलं होतं, या विचाराने मला पुढे कित्येक रात्री झोप नव्हती. तू प्रत्येक शिक्षकाचं ओळखपत्र बघ, पोलीस पडताळणी करून घे, आधीच्या दोन पालकांशी स्वतः बोल. फोन घरात सगळे वावरतात त्या खोलीत राहील, दार उघडं राहील, शिक्षकाकडे नंबर असेल तो पालकांचा, मुलाचा नव्हे, आणि शिक्षक-विद्यार्थी खासगी चॅट नाही, हे नियम पहिल्या भेटीत दोन्ही बाजूंना सांग. पालकांना सांगून अधूनमधून तू स्वतः वर्गात डोकाव. काही वावगं कानावर आलं तर दाबायचं नाही. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठी असलेल्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

कायद्याच्या बाकी गोष्टी थोडक्यात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो. मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांवर पाळत ठेवणं, त्यांना हेरून जाहिराती दाखवणं चालत नाही. म्हणून मुळातच कमी माहिती घे: नाव, इयत्ता, पालकांचा नंबर, बस. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या ५० हून अधिक विद्यार्थ्यांच्या केंद्रांसाठी आहेत आणि त्यात १६ वर्षांखालच्या मुलांना दाखल करून घेऊ नये असंही म्हटलंय. ४५ च्या पुढे जायच्या आधी वकिलाला भेट. मात्र मध्येच सोडणाऱ्याची उरलेली फी १० दिवसांत परत, ही त्यातली अट पहिल्या मुलापासून पाळ. आणि पालकांचे पैसे तुझ्या खात्यातून शिक्षकांकडे जाणार असतील, तर जीएसटीच्या लेखी तू ई-कॉमर्स ऑपरेटर ठरू शकतेस. तिथे २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, असं धरून चालू नकोस. पहिल्याच महिन्यात सीएकडे एक फेरी मार.

सहा लाखांतले पन्नास हजार वेगळे काढ: पहिल्या तासांची फी, शिक्षकांचे एक तारखेचे पैसे, एसटी, सीए. बाकीच्यांना हात लावू नकोस. घरात आजारपण आहे, ते पैसे तिथे लागू शकतात. वीस मुलं सहा महिने टिकली, त्यातल्या निम्म्यांनी दुसऱ्या कोणाला आणलं, तर मला पुन्हा लिही. तेव्हा डेव्हलपरकडे काय मागायचं ते आपण बसून ठरवू.

सुरुवात वहिनीपासून कर. भाच्याच्या वर्गातल्या कोणत्या आया गणितासाठी धडपडतायत ते तिला तुझ्याहून जास्त माहीत असेल. आणि पुण्याच्या मैत्रिणीला तिने आजवर घेतलेल्या तासांचे पैसे दिलेस का? पत्रात तू त्याबद्दल काही लिहिलेलं नाहीस. दिले नसतील तर तास मोज, पैसे पाठव आणि वहीतली पहिली नोंद तिच्या नावाची कर.